कोठारातला जुना माल

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बाजारपेठेतील जुन्या पेढ्यांवर एक दृश्य हमखास दिसते. गोदामाची दारे सताड उघडी असतात, दोन हमाल मागच्या रांगेतील खोकी पुढे आणत असतात, थोरले शेठजी खुर्ची टाकून बसलेले असतात आणि मुनीमजी एकेक वस्तू हातात धरून विचारतात, "हे ठेवायचे की काढायचे?" बहुतेक वस्तूंचा निकाल क्षणात लागतो. परंतु एखाद्या वस्तूपाशी शेठजींचा हात थबकतो. माल खराब झालेला नसतो. मात्र तो बनवणारा कारखाना बंद पडलेला असतो, सुटे भाग मिळेनासे झालेले असतात आणि वर्षाकाठी एखादेच गिऱ्हाईक तो मागायला येते. ठेवला तर जागा अडते आणि उद्या तो बिघडला तर दुरुस्तीचा शब्द पाळता येत नाही. काढला तर त्या एका गिऱ्हाइकाला काय सांगायचे, हा पेच उरतोच.

हाच पेच एका फार मोठ्या कोठारापुढे वर्षानुवर्षे उभा आहे. त्या कोठारात धान्य नाही, कापड नाही. तेथे संगणकाचे प्रोग्राम ठेवलेले असतात. त्याचे नाव डेबियन. 16 ऑगस्ट 1993 रोजी इयान मर्डॉक या तरुणाने या लिनक्स प्रणालीची घोषणा केली. डेब्रा हे त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचे नाव आणि इयान हे त्याचे स्वतःचे, या दोहोंच्या जोडणीतून 'डेबियन' हा शब्द तयार झाला. आज जगभर पसरलेले स्वयंसेवक ही प्रणाली चालवतात. तिला कोणी मालक नाही आणि ती वापरण्यास मोल पडत नाही. उबुंटू ही सुप्रसिद्ध प्रणाली डेबियनच्या पायावर उभी आहे. आपल्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही त्याच पायावर रचलेली आहे. त्यामुळे डेबियनच्या कोठारातून एखादी वस्तू निघाली की तिचे पडसाद दूरवर उमटतात.

या कोठारातील प्रत्येक वस्तूस 'पॅकेज' म्हणतात. जून 2023 मध्ये डेबियनची बारावी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात एकूण 64,419 पॅकेजेस होती. त्यांपैकी 11,089 नव्याने आलेली होती. व्यापाऱ्याच्या नजरेत भरावा असा आकडा मात्र तिसराच आहे. आधीच्या आवृत्तीत असलेली 6,296 पॅकेजेस कालबाह्य ठरवून काढण्यात आली होती. त्याआधीच्या, म्हणजे 2021 च्या अकराव्या आवृत्तीत तर 9,519 पॅकेजेस काढली गेली. विनामूल्य असलेल्या, जागाही फारशी न अडवणाऱ्या या वस्तू काढण्याची एवढी घाई कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. संगणकाच्या तबकडीवर जागा स्वस्त झाली आहे. मग पडून राहू दिले तर बिघडते कुठे?

याचे उत्तर जागेत नाही, जबाबदारीत आहे. डेबियनच्या कोठारात एखादे पॅकेज आहे याचा अर्थ केवळ 'ते येथे मिळते' एवढाच नसतो. त्यात दोष आढळला तर कोणीतरी तो दुरुस्त करील, चोराला शिरकाव मिळेल अशी फट सापडली तर ती बुजवील, आणि कोठारातील इतर वस्तूंशी त्याचे पटते की नाही हे पाहत राहील, असा त्यामागे एक न लिहिलेला शब्द असतो. हा शब्द पाळणारा माणूस बहुधा नोकरी सांभाळून, रात्री किंवा रविवारी हे काम करीत असतो. त्याचे लग्न होते, मुले होतात, नोकरी बदलते, प्रकृती साथ देत नाही. मग एके दिवशी तो जाहीर करतो की या पॅकेजचा सांभाळ यापुढे आपल्याकडून होणार नाही. डेबियनमध्ये अशा पॅकेजला 'अनाथ' म्हणण्याची रीत आहे, आणि दुसऱ्या कोणी ते पत्करले तर 'दत्तक' घेतले असे म्हणतात. शब्द घरगुती आहेत, आणि त्यांतील भावही तसाच आहे. अनाथ पॅकेज लगेच बाहेर काढले जात नाही. सामाईक गट त्याची जुजबी काळजी घेतो आणि ज्याला इच्छा होईल त्याच्यासाठी ते खुले असते. परंतु वर्षे लोटतात, मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही हात काढून घेतलेला असतो, दोषांच्या नोंदी साठत जातात आणि दत्तक घेणारा येत नाही. मग काढण्याचा विचार सुरू होतो.

त्या विचारालाही शिस्त आहे. कोणाच्या मनात आले आणि पुसून टाकले, असे तेथे चालत नाही. काढण्याची विनंती कारणासह सार्वजनिक नोंदवहीत लिहावी लागते. कोठार सांभाळणारा छोटा गट ती तपासतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, या पॅकेजवर अवलंबून असलेले दुसरे कोणी कोठारात आहे काय? असेल, तर आधी त्याची सोय लावा आणि मग या. एखाद्या पेढीने कर्ज फेडताना जामीनदारांचा विचार आधी करावा, तसाच हा प्रकार आहे. पुढील आवृत्तीसाठी जो माल निवडून ठेवलेला असतो, त्यात गंभीर दोष असलेले पॅकेज आपोआपही गळते; पण तेही सांभाळणाऱ्याला आगाऊ सूचना आणि दुरुस्तीची मुदत देऊन. कोणते पॅकेज किती जण वापरतात याचा अंदाज देणारी एक मोजणीही आहे. मात्र ती ऐच्छिक आहे. ज्यांनी आपली गणना करू दिली, त्यांचीच संख्या तीत दिसते. म्हणून मोजणीत शून्याजवळ असलेली वस्तू खरोखर कोणालाच नको आहे, असे ठामपणे म्हणता येत नाही. वर्षातून एकदा येणारे ते गिऱ्हाईक वहीत नोंदलेले नसते, तसेच हे आहे.

या सगळ्या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती पायथनच्या वेळी. पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा. तिच्या दुसऱ्या पिढीतील अखेरची मोठी आवृत्ती, 2.7, जुलै 2010 मध्ये आली. तिसरी पिढी त्याआधीच, डिसेंबर 2008 मध्ये सुरू झाली होती. दोन्ही भाषा दिसायला सख्ख्या बहिणी. पण एकीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीकडे चालेलच असे नाही. जुन्या पिढीचा सांभाळ 2015 मध्ये थांबवायचा असे मुळात ठरले होते. जगभर एवढे काम जुन्या भाषेत लिहून पडलेले होते की 2014 मध्ये ही मुदत पाच वर्षांनी वाढवावी लागली. अखेर 1 जानेवारी 2020 पासून तिची नियमित दुरुस्ती थांबली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 2.7.18 ही शेवटची आवृत्ती निघाली.

दोन पिढ्यांमधील फरक किती घरगुती आहे, हे दोन उदाहरणांवरून कळते. एका घाऊक व्यापाऱ्याने 1240 किलो माल घेतला आणि तो पन्नास किलोच्या पोत्यांत भरायचा आहे, असे समजा. जुन्या पायथनमध्ये 1240 भागिले 50 असे लिहिले की उत्तर 24 येत असे. दोन्ही संख्या पूर्ण असल्या की ती भाषा अपूर्णांक मुकाट्याने गाळून टाकी. नव्या पायथनमध्ये तेच चिन्ह वापरले की 24.8 येते. पोती मोजणाऱ्याला जुने उत्तर सोयीचे. पण रक्कम वाटणाऱ्याला तेच घातक. सात रुपये दोघांत वाटताना जुनी भाषा प्रत्येकी तीनच रुपये देई आणि एक रुपया कोठे गेला, हे कोणी सांगत नसे. वर्षअखेरीस ताळेबंदातील एका रुपयाच्या फरकासाठी बँकेत रात्री अकरापर्यंत बसलेल्या कारकुनाला या एका रुपयाचे मोल सांगावे लागणार नाही. नव्या भाषेने ही अडचण ओळखली आणि दोन प्रकारच्या भागाकारांना दोन वेगळी चिन्हे ठरवून दिली.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीचे आहे. 'व्यापार' हा शब्द संगणकाच्या दृष्टीने व, हलन्त, य, काना, प, काना आणि र अशा सात चिन्हांचा आहे. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. जुन्या पायथनमध्ये हा शब्द साध्या अवतरणात लिहून त्याची लांबी विचारली तर उत्तर एकवीस मिळे, कारण ती भाषा चिन्हे न मोजता बाइट मोजत असे. त्यामुळे गिऱ्हाइकाचे नाव पावतीच्या रकान्यात बसवण्यासाठी मध्येच कापले, तर अक्षराचे तुकडे होऊन कागदावर भलतेच काही उमटण्याचा धोका असे. वेगळी खूण करून लिहिल्यास हे टाळता येई; पण ती खूण विसरली जाणे फार सोपे होते. नवी भाषा मुळातच सात मोजते. ज्यांची वही इंग्रजीत आहे त्यांना हा फरक जाणवलाही नसेल; मराठी, हिंदी, गुजरातीत नावे लिहिणाऱ्यांसाठी तो मोठा होता.

तरीही जुने काढणे सोपे नव्हते. डेबियनच्या मंडळींनी 2019 मध्ये जुन्या पायथनवर विसंबलेल्या पॅकेजेसची यादी हाती घेतली आणि एकेका पॅकेजच्या नावे स्वतंत्र नोंद उघडली. काम शेंड्याकडून बुंध्याकडे करायचे असे ठरले. ज्यावर दुसरे काहीच टेकलेले नाही ते आधी काढायचे, मग त्याच्या खालचे, आणि मूळ भाषा सर्वांत शेवटी. काही पॅकेजेसना नवी भाषा शिकवली गेली. काहींचा मूळ लेखकच उरला नव्हता, ती गेली. 2021 च्या अकराव्या आवृत्तीतही जुने पायथन पूर्णपणे सुटले नाही. काही मोठे प्रोग्राम तयार करतानाच्या प्रक्रियेत ते अजून लागत होते, म्हणून तेवढ्यापुरते ते ठेवले. मात्र सूचनापत्रात स्पष्ट लिहिले की याला सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही आणि यावर आपले प्रोग्राम चालवू नयेत. माल मांडणीवर आहे, पण हमी नाही, हे विक्रेत्याने स्वतःहून सांगण्यासारखे ते होते. 2023 च्या बाराव्या आवृत्तीत जुने पायथन उरले नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कोठारातून काढले म्हणजे लोकांच्या घरातून उचलून नेले, असे होत नाही. ज्याच्या संगणकावर जुने पॅकेज आधीपासून आहे, त्याच्याकडे ते बहुधा तसेच राहते. फक्त त्याला यापुढे दुरुस्ती मिळत नाही. आणि जुने ते सर्व धोक्याचे, हेही खरे नाही. डेबियनची स्थिर आवृत्ती मुद्दामच जुनी असते. एकदा प्रसिद्ध झाल्यावर तिच्यातील पॅकेजेसच्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत. दोष आढळला तर नवी आवृत्ती न आणता जुन्याच मालाला नेमका तेवढा टाका घालतात. पहिली तीन वर्षे नियमित आणि पुढे दोन वर्षे लांबलेल्या मुदतीची, अशी साधारण पाच वर्षे ही देखभाल चालते. एप्रिल 2014 मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष जगभर गाजला. ओपनएसएसएल या, इंटरनेटवरील गुप्तता राखणाऱ्या प्रोग्राममध्ये तो दोन वर्षे दडून बसला होता. गंमत अशी की त्याहून जुन्या आवृत्तीत तो दोष नव्हताच. म्हणजे वय हा गुन्हा नव्हे. बेवारस असणे हा धोका आहे. देखभाल करणारा हात ज्याच्यावर आहे ते जुने विश्वासाचे, आणि ज्याच्यावरून तो हात निघाला ते कालचे असले तरी संशयाचे.

मग यात दुखावले कोण जाते? वर म्हटलेला घाऊक व्यापारीच पुन्हा डोळ्यांपुढे आणावा. बारा वर्षांपूर्वी शेजारच्या घरातील एका हुशार मुलाने त्याला जुन्या पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून दिला, असे समजावे. वजन टाकले की हमाली, तोलाई, अडत वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी छापून निघते. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला. प्रोग्राम मात्र रोज सकाळी सहा वाजता निमूटपणे काम करीत राहिला. त्याच्यात व्यापाऱ्याला कधी दोष दिसला नाही. एके दिवशी संगणकच बंद पडला, नवा आणला, त्यावर डेबियनची नवी आवृत्ती घातली आणि कळले की त्या प्रोग्रामची भाषाच आता कोठारात नाही. समोर शेतकरी उभा आहे आणि पट्टी निघत नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या स्वयंसेवकाने कोणतीही चूक केलेली नाही, व्यापाऱ्यानेही नाही. तरी नुकसान झालेच.

या व्यापाऱ्याची तक्रार रास्त आहे. 'चालत होते ते का मोडले?' हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. परंतु दुसऱ्या पारड्यातही काही आहे. त्याची एक पट्टी निघावी म्हणून जुने पायथन कोठारात ठेवले, तर त्यातील प्रत्येक नवी फट बुजवण्याची जबाबदारी कोणावर? ते कोठारात पाहून उद्या एखादा नवखा विद्यार्थी त्यातच नवे काम सुरू करील, त्याला कोणी सांगायचे? ज्यांना जुने लागतेच, त्यांच्यासाठी मोल देऊन देखभाल घेण्याचा मार्ग होता. रेड हॅट कंपनीच्या सातव्या आवृत्तीत जुने पायथन होते आणि त्या आवृत्तीची नियमित देखभाल जून 2024 पर्यंत चालली. तेथे देखभाल करणाऱ्यांना वेतन होते. विनामूल्य कोठाराकडून तीच अपेक्षा ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या रविवारांवर आपला व्यवसाय उभा करणे होय. हा मुद्दा हिशेबी माणसाला पटायला हरकत नाही.

पेच पूर्णपणे सुटत नाही. पण तो सौम्य करण्याच्या रीती आहेत, आणि त्या बँकेतील जुन्या माणसांना ओळखीच्या वाटतील. बँकांचे विलीनीकरण झाले तेव्हा जुने आयएफएससी कोड एका रात्रीत बंद केले गेले नाहीत. काही काळ जुना क्रमांक लिहिला तरी रक्कम पोहोचेल अशी सोय ठेवली गेली. डेबियनमध्येही एखाद्या पॅकेजचे नाव बदलले की जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज काही काळ ठेवतात. त्याच्या पोटात काहीच नसते. ते फक्त नव्या नावाच्या पॅकेजकडे बोट दाखवते. दुकान पुढच्या गल्लीत हलवल्यावर जुन्या दारावर पाटी लावावी, तसे ते काम करते. लोकांना नवा पत्ता पाठ झाला की पाटीही उतरवतात.

दुसरी रीत नोंद जपण्याची. बँकेतील ठेव दहा वर्षे कोणी मागितली नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते; पण ठेवीदाराचा हक्क बुडत नाही. तो किंवा त्याचे वारस कागदपत्रे घेऊन आले तर बँकेकडून रक्कम मिळते. डेबियनमधून निघालेले पॅकेजही असेच नाहीसे होत नाही. जुन्या आवृत्त्यांसाठी एक वेगळे दफ्तर आहे. आणि त्याखेरीज 2005 पासून कोणत्या दिवशी कोठारात नेमके काय होते, याचा संग्रहही जतन केलेला आहे. ज्याला खरोखर गरज आहे त्याला तेथून जुनी वस्तू काढता येते. फक्त हमी मागता येत नाही. असा संगणक इंटरनेटपासून तोडून, एकाच कामापुरता वापरणे, एवढेच शहाणपणाचे.

व्यापाऱ्याचा खरा मार्ग मात्र प्रोग्राम नव्या भाषेत आणण्याचाच आहे, आणि तेथे घाई नको. जुन्याचे नवे करून देणारे आयते साधन उपलब्ध होते. पण ते बहुतेक वरवरचे बदल करी, भागाकाराचा अर्थ त्याला कळत नसे. म्हणजे प्रोग्राम चालू लागे, एकही तक्रार करीत नसे, आणि पोत्यांच्या रकान्यात 24.8 छापत असे. बंद पडलेला प्रोग्राम निदान ओरडून सांगतो. चुकीचे उत्तर देणारा गप्प असतो. बँकांचे संगणकीकरण झाले त्या काळात कित्येक शाखांत हाताची खतावणी आणि संगणक काही काळ शेजारी शेजारी चालवले जात. संध्याकाळी दोन्हींच्या बेरजा जुळल्या तरच घरी जायचे. तीच पद्धत येथे उपयोगी पडते. गेल्या महिन्याच्या सर्व पट्ट्या नव्या प्रोग्राममधून पुन्हा काढाव्यात, जुन्यांशी ताडून पाहाव्यात आणि पैशाचाही फरक आला तर तो का आला हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. असे ताडताना एखादा फरक नव्याच्या चुकीमुळे नव्हे, तर जुन्याने वर्षानुवर्षे गिळलेल्या एखाद्या रुपयामुळे आलेला निघू शकतो. तो शेतकऱ्याचा असेल तर त्याला परत करण्याची वेळ येते, आणि तेव्हा पेढीची पत संगणकावर नसून माणसावर असते.

गोदामातील त्या शेठजींकडे परत यावे. वर्षातून एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते काय सांगतील? जाणते व्यापारी अशा वेळी तीन गोष्टी करतात. माल काढण्याआधी निरोप धाडतात, त्याच्या जागी काय चालेल ते सुचवतात, आणि जुना माल आता कोठे मिळू शकेल त्याचा पत्ता देतात. डेबियनची मंडळी ज्या पद्धतीने वागतात तीही याहून फार वेगळी नाही. मात्र निरोप पोहोचायचा, तर तो ऐकायला दुसऱ्या टोकाला कोणीतरी हवे. स्वयंसेवकांनी सूचना लिहिली, सहा वर्षे आधी तारीख सांगितली, आणि पेढीवर ती वाचणारे कोणी नव्हते, तर दोष एकट्या कोठाराचा राहत नाही.

पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडले की अनेक घरांत शेवटच्या पानावर विम्याच्या, परवान्याच्या आणि भाडेकराराच्या मुदतीच्या तारखा लिहून ठेवण्याची पद्धत आहे. त्याच यादीत एक ओळ वाढवावी. दुकानातील संगणकावर कोणती प्रणाली आहे, तिची आवृत्ती कोणती, तिची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि पट्टी छापणारा तो छोटा प्रोग्राम कोणी, कोणत्या भाषेत लिहिला आहे. परगावी गेलेल्या त्या मुलाचा फोन नंबरही त्याच ओळीच्या पुढे असू द्यावा.